पोळी, पण कुठली?

खाणावळीच्या फळ्यावर खडूने लिहिलेली 'अंडापोळी' दुपारी दिसली, की स्पॅनिशमधला 'तोर्तिया' हा शब्द हटकून आठवतो. माद्रिदमध्ये तोर्तिया मागितली, तर बटाटा घातलेलं दोन बोटं जाड ऑम्लेट येतं. (साधं ऑम्लेट हवं असेल तर 'फ्रेंच तोर्तिया' म्हणायचं.) मेक्सिकोत मागितली, तर फडक्यात गुंडाळलेल्या मक्याच्या भाकऱ्यांची चवड. तिथल्या नावात्ल भाषेत या भाकरीला 'त्लाश्काल्ली' म्हणत; स्पेनहून आलेल्यांना ती चपटी, गोल दिसली आणि त्यांनी आपल्याकडचं नाव तिला चिकटवून टाकलं. तोर्तिया म्हणजे छोटी 'तोर्ता'. ही तोर्ता मेक्सिकोत भरलेला पाव, तर स्पेनमध्ये कधी केक, कधी चक्क थोबाडीत! आपण हसायचं कारण नाही. आपली पोळी कुणाकडे रोजची, कुणाकडे फक्त पुरणाची, कोकणात आंब्याचीसुद्धा. आणि अंड्याची आहेच.

स्पेनवाली बिघडते ती घाईने. अर्धा किलो बटाट्याच्या पातळ चकत्या बुडतील इतक्या ऑलिव्ह तेलात, मंद आचेवर, वीसेक मिनिटं शिजवायच्या. तळायच्या नाहीत, आच वाढली की कडा करपतात आणि पोटात कच्चं राहतं. तेल निथळून पाच-सहा फेटलेल्या अंड्यांत बटाटे दहा मिनिटं मुरू द्यायचे, मग वीस-बावीस सेंटिमीटरच्या तव्यात ओतायचं. कांदा घालायचा की नाही, यावरून तिथे दोन तट आहेत. घालावा. गॅलिसियातल्या बेतान्सोस गावची मंडळी घालत नाहीत, आणि त्यांची तोर्तिया कापली की आतून अंडं वाहतं. तीही सोडवत नाही, हे कबूल.

मेक्सिकोवालीचं सगळं इंगित चुन्यात आहे. किलोभर मक्याला दहा ग्रॅम विरवलेला, खाण्याचा चुना. दाणे चुन्याच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास उकळीच्या जरा खाली ठेवायचे, रात्रभर तसेच भिजू द्यायचे, सकाळी चोळून सालं धुऊन टाकायची आणि ओलेच दळायचे. गोळा दाबल्यावर कडा चिरल्या तर पाणी कमी, हाताला चिकटला तर जास्त. तव्यावर तीनदा उलटायची. तिसऱ्यांदा फुगली, तर पीठ जमलं.

चुन्याने मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका समुद्र ओलांडून युरोपात गेला, चुन्याची रीत मागे राहिली. स्पेनच्याच अस्तुरियास भागात मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांच्या अंगावर लाल चट्टे उठू लागले. गास्पार कासाल या वैद्याने 1735 साली त्या रोगाचं वर्णन केलं. लोक त्याला 'गुलाबाचा आजार' म्हणत. तोच पेलाग्रा, नियासिन कमी पडल्याने होणारा. कारण कळायला पुढे दोनशे वर्षं गेली. नाव इकडून तिकडे गेलं, मका तिकडून इकडे आला, आणि चिमूटभर चुना कुणी उचलला नाही.

असो. पारडं फिरलं, की स्पॅनिशमध्ये 'तोर्तिया उलटली' म्हणतात. मेक्सिकोत ती बोटांनीच उलटतात. स्पेनमध्ये तव्यावर ताटली पालथी धरून, एका दमात. तिथे हात कचरला की अर्धी ओट्यावर. ताटली आधी ओली करून घ्यावी, म्हणजे तोर्तिया तव्यात परत नीट घसरते.