बटन वर आलं, भात झाला!

आमच्या भंडाऱ्याकडं दोन टाइम भात लागतेच, अन् चुलीवर गंज ठेवला का आई पुरी त्याच्याच राखणीले, जाळ मागं सारा, झाकण काढा, पेज गाळा. आज वहिनीनं राइस कुकर लावला न् सरळ रोवण्यासाठी बाया सांगाले गेली बापा! मी आपला पाहत बसलो, खटकन बटन वर. गंमत अशी का पाणी हाये तोवर तापमान १०० च्या आसपासच राहते, पाणी आटलं का चढते, न् तेवढ्यातच खालचा चुंबक ढिला पडून स्विच सुटते. तोशिबानं जपानात १९५५ मध्येच आपोआप बंद होणारा कुकर बाजारात आणला होता, आमच्याकडं आत्ता पोचला राजेहो. लाइन गेली का परत चूल हायेच. अन् आई म्हणते कुकरात पेज निघत नाही, ते मात्र मले बी पटते.