ड्रॅगनने माझी कशी वाट लावली

फावल्या वेळात मी एकटाच एक छोटा फँटसी आरपीजी, म्हणजे एक पात्र घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम बनवतोय, गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्यात हिरो ड्रॅगन होतो. रूप बदलायचा कोड दोन दिवसांत झाला पण बॅलन्स करण्यात तीन महिने गेले, खोटं नाही सांगत.

बॉसची, म्हणजे मोठ्या शत्रूची, हेल्थ 3000 ठेवलेली, माझ्या लॅपटॉपवर आग ओकून तो 25 सेकंदांत मरायचा, एकदम झकास. मित्राला खेळायला दिलं तर म्हणतो, "अरे, तुझा बॉस दहा सेकंदांत आटोपला की रे, धड बघितलाही नाही मी त्याला." दोन संध्याकाळी डॅमेजचे आकडे वरखाली करत बसलो आणि मग कुठे ट्यूब पेटली की मी दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या दर चित्राला, 2 डॅमेज देत होतो! माझ्याकडे सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे 120 डॅमेज, त्याच्याकडे 144 म्हणजे 288. मग आग गोडोच्या फिजिक्स प्रोसेसमध्ये टाकली, ते स्क्रीन कितीही वेगवान असो, डीफॉल्टला सेकंदाला 60 वेळाच चालतं.

तरी ड्रॅगन भारीच पडत होता म्हणून कूलडाऊन, म्हणजे परत ड्रॅगन होण्याआधी थांबायचा वेळ, 2 मिनिटांवरून 10 मिनिटं केला, आणि ती तर त्याहून मोठी चूक, कारण आता लोक ड्रॅगन वापरेचनात, पुढे मोठा बॉस आला तर असू दे म्हणून जपून ठेवायचे.

शेवटी मित्राच्या शेजारी बसून नुसतं बघितलं. हिरोची हेल्थ 200 पैकी 15, वर विष चढलेलं, आणि हा पठ्ठ्या ड्रॅगन झाला, विष गायब, 800 हेल्थ, आग एकदाही न ओकता थोडं उडला आणि फुल हेल्थ घेऊन परत माणूस. म्हणजे मी तीन आठवडे आगीशी झगडत होतो आणि लोक ड्रॅगन औषधाची बाटली म्हणून वापरत होते!

आधी रूप बदलताना हेल्थची टक्केवारी तशीच पुढे नेली, पण मग ड्रॅगनच दोन फटक्यांत मरायला लागला, म्हणजे काय मजा. मग डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या गेमच्या 2014 च्या नियमांतला ड्रुइड, म्हणजे प्राण्याचं रूप घेणारा जादूगार आठवला, प्राण्याची हेल्थ वेगळी, ती संपली की उरलेला मार मूळ शरीराला, आणि परत येताना जेवढी हेल्थ घेऊन गेलास तेवढीच. तेच उचललं, विषाचं घड्याळ फक्त थांबवलं. ड्रॅगन किती वेळ राहायचं ते स्कायरिम या व्हिडिओ गेममधल्या वेअरवुल्फवरून (लांडगा होणाऱ्या माणसावरून) घेतलं, तिथे 150 सेकंद मिळतात आणि प्रेत खाल्लं की 30 वाढतात, माझ्याकडे 40 आणि दर शत्रूमागे 5. कूलडाऊन काढूनच टाकला, मारामारी केली की गेज (ड्रॅगन होण्यासाठीची पट्टी) भरतो. हवेत असताना वेळ दुप्पट जातो, नाहीतर तलवारवाले बिचारे खाली उभे राहून वर बघत बसायचे.

आता मित्र दर दुसऱ्या मारामारीत ड्रॅगन होतो आणि कधीकधी मरतोही, ते बघून बरं वाटलं. फक्त गुहेच्या दारात शेपटी अजून अडकते.