१४२८५७ आणि कापरेकरांच्या तीन चाळण्या

आजच्या पानावर एकच संख्या. १४२८५७. एक भागिले सात करताना दशांशचिन्हापुढे फिरत राहणारे हेच ते सहा अंक. दुप्पट केली की २८५७१४, तिप्पट केली की ४२८५७१, सातपटीला थेट ९९९९९९. हे कौतुक शाळेतच होऊन जातं. पण देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी संख्यांचे जे प्रकार पाडले, त्यांतल्या तिन्ही प्रसिद्ध प्रकारांत ती बसते, हे क्वचितच कुणी तपासतं.

पहिला प्रकार हर्षद, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणारी संख्या. अंकांची बेरीज २७, आणि २७ ने भागलं की बरोबर ५२९१. मूळ अवयव ३×३×३×११×१३×३७ मांडले की हे नुसत्या नजरेनं दिसतं.

दुसरा, कापरेकर संख्या: जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की तीच संख्या परत येते. वर्ग येतो २०४०८१२२४४९. संख्या सहा अंकी, म्हणून उजवीकडून सहाच अंक तोडायचे: २०४०८ आणि १२२४४९. बेरीज १४२८५७! चूक होते ती इथेच. डावीकडून सहा मोजले तर २०४०८१ + २२४४९ = २२६५३०, सगळं फसतं. दहाच अंक दाखवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर शेवटचा अंक पूर्णांकित होतो, उजवा तुकडा १२२४५० समजला जातो आणि बेरीज एकानं जास्त येते. वर्ग हातानंच करावा. हे का जुळतं, याचं कारण फार देखणं आहे: १४२८५७ म्हणजे ९९९९९९ चा सातवा भाग, आणि तिच्या आधीची १४२८५६ म्हणजे ७×२०४०८. दोघींचा गुणाकार ९९९९९९×२०४०८. त्यात १४२८५७ मिळवली की वर्ग, म्हणजे २०४०८×१०००००० अधिक (१४२८५७ − २०४०८). वर्गाचा डावा तुकडा २०४०८ आला तो इथून.

तिसरा प्रकार सर्वांत कष्टाचा: स्वयंभू. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून १४२८५७ येता कामा नये. सगळ्या संख्या तपासायची गरज नाही. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज, दोन्हींना ९ ने भागल्यावर बाकी सारखीच उरते; १४२८५७ ला ९ ने भाग जातो, म्हणून जनकालाही, म्हणजे जिच्यापासून ती येईल त्या संख्येलाही, जायलाच हवा. शिवाय या टापूत अंकांची बेरीज ४० च्या वर जात नाही. उरतात चारच उमेदवार: १४२८२१, १४२८३०, १४२८३९, १४२८४८. त्यांच्यापासून येतात अनुक्रमे १४२८३९, १४२८४८, १४२८६६, १४२८७५. ४८ वरून उडी एकदम ६६ वर. मधल्या ५७ ला जनकच नाही.

आता तिची दुप्पट घ्या, २८५७१४. अंक तेच, क्रमही तोच, फक्त सुरुवात दुसरीकडून. हर्षदपण टिकतं, कारण २७ ने भाग जातोच. कापरेकरपण मात्र जातं. आणि २८५६७८ मध्ये तिच्या अंकांची बेरीज ३६ मिळवली की २८५७१४ हजर, म्हणजे स्वयंभूपणही गेलं.