जिन्याखालची पाटी

केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिरले आणि सरळ हिरवळीवरूनच निघाले. भाचीने हात धरला. "मावशी, गवतावरून नको गं! तिथून फक्त फेलो चालतात." फेलो म्हणजे कॉलेजचे सदस्य असलेले अध्यापक.

तिची खोली लांबलचक कॉरिडॉरमध्ये नाही, जिन्यावर आहे. जिन्याच्या पायथ्याशी पाटी, त्यावर तिथे राहणाऱ्या सगळ्यांची नावं. गणितवाली, इतिहासवाला, डॉक्टर होऊ घातलेली, सगळी एकाच जिन्यावर.

विद्यापीठाची अशी 31 कॉलेजं. मुलाखत घेऊन प्रवेश देतं ते कॉलेज. व्याख्यानं, परीक्षा, पदवी विद्यापीठाची. पण दोन-तीन मुलांना समोर बसवून त्यांचा निबंध किंवा गणितं घासूनपुसून तपासायची, त्या 'सुपरव्हिजन'ची सोय पुन्हा कॉलेजच बघतं. शिवाय प्रत्येकाला एक ट्यूटर. तो विषय शिकवत नाही. आजारपण, पैशांची अडचण, घरची आठवण, हे त्याच्याकडे न्यायचं. नव्या मुलांना वरच्या वर्गातले कॉलेजचे 'आईबाबा'सुद्धा मिळतात!

हे ऐकताना मला माझं वसतिगृह आठवत होतं. जिवाभावाच्या मैत्रिणी तिथेच मिळाल्या. पण एका दिवाळीत सगळ्या गावी गेल्या आणि मी चार दिवस तापाने फणफणत पडले होते. रेक्टरबाईंना कळलं पाचव्या दिवशी, तेही मेसच्या वहीत माझी सही नाही म्हणून. बाई वाईट नव्हत्या. खोली देणं, रात्री हजेरी घेणं, एवढंच त्यांचं काम होतं. शिकवणारे वेगळे, सांभाळणारे वेगळे, आणि दोघांची गाठ कधी पडत नसे. इथे ती गाठ रोज जेवणाच्या हॉलमध्येच पडते.

त्याच हॉलमध्ये रात्री फॉर्मल जेवण होतं. मुलं काळे गाऊन घालून, मेणबत्त्या लावलेल्या, आधी लॅटिन प्रार्थना. मला मात्र सारखे रँग्लर परांजपे आठवत होते. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा याच कॉलेजात शिकला आणि 1899 साली सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा, झालेला पहिला भारतीय ठरला. त्याला इथे पहिल्या थंडीत कोणी विचारलं असेल, बरा आहेस ना?

निघताना लॉजमधल्या, म्हणजे दाराजवळच्या देवडीतल्या, पोर्टरने भाचीला नावाने हाक मारून तिचं पार्सल दिलं. मी मागे फिरले, जिन्याखालच्या पाटीचा फोटो काढला आणि ताईला पाठवला. तिच्या लेकीचं नाव वरून तिसरं आहे.