शनिवारची श्रवणबैठक

नाशिकमधल्या आमच्या महाविद्यालयाचा विद्यार्थी रेडिओ सुरू होऊन दीड वर्ष झाले होते, तेव्हाची गोष्ट. मधल्या सुट्टीतले आमचे कार्यक्रम कॅन्टीनमधल्या ज्या स्पीकरवर वाजत, तो स्पीकर कॅन्टीन चालवणारे काका रोज बंद करून टाकतात, अशी तक्रार घेऊन मुले माझ्याकडे आली. मी काकांना भेटलो. ते शांतपणे म्हणाले, "सर, बोलणं काही कळत नाही, नुसता गलका होतो. पोरं अजून मोठ्यानं बोलतात आणि मला ऑर्डर ऐकू येत नाही. तुम्ही एकदा इथं बसून ऐका की."

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी चहा घेऊन तिथे बसलो आणि पंधरा मिनिटांत त्यांचे म्हणणे पटले. भांड्यांचा खणखणाट, चुलीवरचा एक्झॉस्ट पंखा आणि दीडशे मुलांचे बोलणे यांच्यात आमच्या निवेदिकेच्या वाक्यातले दर तिसरे अक्षर हरवत होते, आणि तिच्या आवाजाखाली आम्ही हौसेने लावलेले संगीत उरलेली अक्षरेही झाकून टाकत होते. स्टुडिओत हेडफोन लावून ऐकताना हाच कार्यक्रम आम्हांला उत्तम वाटला होता. मी गेली सहा वर्षे या रेडिओचे काम पाहतो आहे. त्या काळात जी काही सुधारणा झाली, तिचा उगम त्या पंधरा मिनिटांत आहे असे मी मानतो. तोवर आमच्याकडे बोलणारे पुष्कळ होते, आपलेच प्रसारण श्रोत्याच्या जागी बसून ऐकणारे कोणीही नव्हते.

त्याच आठवड्यात आम्ही शनिवारची श्रवणबैठक सुरू केली. आठवड्यातले दोन कार्यक्रम निवडायचे, ते कॅन्टीनच्या किंवा ग्रंथालयाबाहेरच्या व्हरांड्यातल्या स्पीकरवरच लावायचे आणि सर्वांनी मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकायचे, एवढीच तिची पद्धत आहे. नंतर ज्याचा कार्यक्रम असतो, त्याने स्वतः आधी काहीही सांगायचे नाही. बाकीच्यांनी त्यांना काय कळले ते सांगायचे. 'छान झाला' किंवा 'कंटाळा आला' असे शेरे चालत नाहीत. लक्ष नेमके कोणत्या मिनिटाला सुटले आणि कोणते वाक्य दुसऱ्यांदा ऐकावेसे वाटले, एवढेच सांगायचे. पहिले काही शनिवार जड गेले, एक मुलगी रडलीही. परंतु महिन्याभरात मुले स्वतःच्या आवाजापासून थोडी दूर उभी राहू लागली.

या बैठकांतून पहिला निर्णय झाला तो वेळापत्रकाचा. कॅन्टीनमध्ये यापुढे दीड-दोन मिनिटांहून मोठे निवेदन असणार नाही: परीक्षा अर्जाच्या तारखा, हरवले-सापडले, बसच्या वेळा, एखादी छोटी ओळख आणि बोलण्याखाली कोणतेही संगीत नाही. मुलाखती, श्रुतिका (रेडिओ नाटिका) आणि रूपके (माहितीपर रेडिओ कार्यक्रम) व्हरांड्यात दुपारी तीननंतर आणि इंटरनेटवरच्या प्रसारणात सायंकाळी. इंटरनेटचेही गणित बदलावे लागले. आम्ही १९२ केबीपीएस (सेकंदाला १९२ किलोबिट) स्टिरिओने प्रसारण करत होतो, म्हणजे तासाभराच्या ऐकण्याला सुमारे ८६ एमबी डेटा लागत होता. माणसाचे बोलणे मोनोमध्ये, म्हणजे एकाच वाहिनीत, ६४ केबीपीएसला पुरेसे स्वच्छ ऐकू येते आणि तासाला जेमतेम २९ एमबी लागतात. जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा भागातून येणाऱ्या आणि गावी गेल्यावर कमकुवत नेटवर्कवर ऐकणाऱ्या मुलांसाठी हा फरक फार मोठा होता.

दुसरा प्रश्न खोलीचा होता. आमचा स्टुडिओ म्हणजे प्रयोगशाळेची जुनी सामानखोली, दहा बाय बाराची, खाली फरशी आणि चारी बाजूंना उघड्या भिंती. मधोमध उभे राहून टाळी वाजवली की ती दोनदा ऐकू यायची. त्यात आम्ही महागडा कंडेन्सर माइक घेऊन बसलो होतो, जो निवेदकाच्या आवाजाइतक्याच निष्ठेने पंखा, शेजारचा वर्ग आणि रस्त्यावरच्या रिक्षाही टिपत असे. हा दोष सॉफ्टवेअरने घालवायचा प्रयत्न आम्ही वर्षभर केला. गोंगाट काढणारी सोय जास्त वापरली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, हे ज्याने ते केले आहे त्याला ठाऊक असते. शेवटी मुलांनी घरोघरून जुन्या गोधड्या आणल्या. आम्ही त्या भिंतीला चिकटवून न लावता भिंतीपासून चार बोटे पुढे दोरीवर टांगल्या, कारण मागे हवेची पोकळी राहिली की कापड अधिक आवाज शोषते. मुख्यतः जवळचाच आवाज टिपणारा साधा डायनॅमिक माइक घेतला, तो तोंडापासून एक वीत अंतरावर आणि किंचित तिरका ठेवला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' उच्चारताना सुटणारी हवा थेट त्यावर आदळत नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी पंखा बंद. एप्रिलमध्ये नाशिकलाही हे सोपे नसते, म्हणून त्या महिन्यात आम्ही सकाळी आठच्या आत मुद्रण उरकतो. गोधड्यांचा खर्च शून्य होता आणि आमच्या आवाजात त्यांनी जेवढा फरक केला तेवढा कोणत्याही यंत्राने केलेला नाही.

भाषेचा प्रश्न मात्र यंत्राने किंवा कापडाने सुटणारा नव्हता. माइकसमोर बसले की आमची मुले एकदम दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजात बोलू लागत. वेग दुप्पट, प्रत्येक वाक्याच्या शेवटी उगाच हसू, आणि शब्द असे की जे ती मुले घरी किंवा मित्रांत कधीही वापरत नाहीत. ही नक्कल मुले व्यावसायिक एफएम ऐकून करतात आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण दुसरा नमुना त्यांच्यासमोर कोणी ठेवलेलाच नसतो. सटाण्याकडची एक विद्यार्थिनी अशीच बोलायची. शनिवारच्या बैठकीत तिला कोणीतरी विचारले, की तुझ्या घरी कोण कसे बोलते? घरी अहिराणी आहे, असे ती काहीशा संकोचाने म्हणाली. 'आहे'च्या जागी 'शे' म्हणणारी ही भाषा जिल्ह्याच्या बागलाण, कळवण, मालेगाव पट्ट्यात घराघरांत बोलली जाते, आणि आमच्या रेडिओवर दोन वर्षांत तिचा एक शब्दही आला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत तिने आजीचे ध्वनिमुद्रण करून आणले. पहाटे जात्यावर बसून आजी ओव्या म्हणते आहे आणि मधेच थांबून त्या कोणी शिकवल्या ते सांगते आहे, असे ते अकरा मिनिटांचे मुद्रण होते. पहिल्या दिवशी तिने फोन जात्याशेजारी जमिनीवर ठेवला होता, त्यामुळे जात्याची घरघर जमिनीतून थेट फोनमध्ये उतरली आणि आजीचा आवाज बुडाला. दुसऱ्या दिवशी तिने फोन घडी घातलेल्या गोधडीवर, आजीच्या हनुवटीच्या उंचीला पाटावर ठेवला. तेव्हा घरघर मागे गेली, पण नाहीशी झाली नाही. ओवी संपली की ती पुढे येते, आजी बोलू लागली की मागे सरते. शेवटी तीस सेकंद कोणीच बोलत नाही, कारण जोडकामासाठी त्या जागेची शांतता वेगळी मुद्रित करायची हे तिच्या लक्षात होते. त्या तीस सेकंदांत लांबून कोंबडा आरवतो आणि आजी हळूच विचारते, 'झालं का?' तो प्रश्न आम्ही काढला नाही. मुद्रण वाजवायला आजीची संमती आहे, हेही तिच्याच आवाजात मुद्रित करून ठेवले आहे. ही सवय प्रत्येक विद्यार्थी रेडिओने लावून घ्यावी. त्या कार्यक्रमानंतर ती मुलगी निवेदन करताना हळू बोलू लागली, आणि तिला तसे कोणी सांगितले नव्हते.

कानासाठी लिहायचे म्हणजे काय, हे आम्हांला गोदावरीच्या पुराने शिकवले. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की नाशिककर एकमेकांना आकडा विचारत नाहीत, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आले ते विचारतात. तरीही आमच्या वार्ताहराने पहिल्या मसुद्यात फोनवर आलेला क्युसेकचा आकडा तीनदा वाचून दाखवला होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. हे एकदा सांगितले तर उपयोगाचे असते, पण हजारांतला आकडा कानावरून नुसता वाहून जातो. बैठकीत व्हरांड्यातल्या ग्रंथालय शिपाईमामांनी विचारले, "मग पाणी कुठवर आलंय ते सांग ना." दुसरा मसुदा त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिला गेला: पाणी मारुतीच्या कमरेला लागले आहे, घाटावरच्या टपऱ्या हलवून झाल्या आहेत, सराफ बाजारात दुकानदार खालच्या फळ्यांवरचा माल वर चढवत आहेत, आणि मागे शटर ओढल्याचा आवाज. पाऊण मिनिटाचे ते निवेदन मी आजही नव्या मुलांना ऐकवतो.

गाण्यांबाबत थोडक्यात सांगतो, कारण येथे बहुतेक विद्यार्थी रेडिओ नकळत चुकतात. विकत घेतलेले किंवा फोनवर उतरवलेले चित्रपटगीत प्रसारित करण्याचा हक्क त्याबरोबर मिळत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेले कलम ३१डी प्रसारण संस्थांना ठरावीक मोबदला भरून वैधानिक परवान्याची, म्हणजे हक्कधारकाच्या वेगळ्या परवानगीशिवाय गाणे वाजवण्याची, वाट देते. परंतु इंटरनेटवरून गाणी पुरवणाऱ्या सेवेला ती वाट खुली नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. आम्ही चित्रपटगीते थांबवली. सुरुवातीला श्रोते घटले, हे खरे आहे. त्या रिकाम्या जागेत महाविद्यालयातले तबलावादक, भजनी मंडळातली मुले आणि स्वतः चाली बांधणारे दोन-तीन जण आले, आणि त्यांच्या मुद्रणांसाठी आम्हांला कोणाकडे परवानगी मागावी लागत नाही, त्यांच्याखेरीज.

आता आमच्यापुढचा मोठा प्रश्न. आपल्याकडे फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले, डिसेंबर २००२मध्ये शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओ, म्हणजे एखाद्या वस्तीपुरते छोटे केंद्र, चालवण्याचे धोरण आले, १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईत अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले आणि २००६मध्ये ही संधी स्वयंसेवी संस्थांनाही मिळाली. पुण्यात विद्यापीठाचे विद्यावाणी हे केंद्र आहे. नाशिकमध्येच रेडिओ विश्वास हे केंद्र एफएम ९०.८वर आहे, आणि जून २०२०मध्ये शाळा बंद असताना तिसरी ते दहावीचे पाठ त्यांनी श्राव्य स्वरूपात प्रसारित केले. ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता, त्या घरांत ते पोहोचले. तेव्हा आपणही अशा एफएम केंद्राच्या परवान्यासाठी अर्ज करावा, असे मुले दरवर्षी म्हणतात. शंभर वॅटची प्रसारणशक्ती, तीस मीटरपर्यंतचा मनोरा आणि आजूबाजूची काही किलोमीटरची वस्ती, एवढा तो आवाका आहे आणि तो आम्हांला पुरेसा आहे. स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा घेता येतात, आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक हवेत, या अटीही जाचक नाहीत. हवामान, वाहतूक, प्रवेश, परीक्षा, पाणीपुरवठा, आपत्तीच्या सूचना हे सर्व देता येते.

अडचण वेगळी आहे. सामुदायिक रेडिओ ज्या वस्तीसाठी असतो, ती वस्ती उन्हाळी सुट्टीवर जात नाही, आणि आमचा रेडिओ जातो. दरवर्षी तिसऱ्या वर्षाची मुले निघून गेली की जूनमध्ये आम्ही जवळजवळ नव्याने सुरुवात करतो. यावर उपाय म्हणून आम्ही ड्युटी वही ठेवली आहे. कोणत्या वायरीत खरखर आहे, कोणता पाहुणा सायंकाळी फोन उचलतो, शनिवारी काय ठरले आणि का ठरले, हे शिफ्ट संपवणाऱ्याने हाताने लिहायचे, आणि येणाऱ्याने ते वाचून सही केल्याशिवाय माइक सुरू करायचा नाही. 'का' लिहिण्याचा आग्रह मी धरतो, कारण कारण ठाऊक नसलेला नियम पुढची मुले पहिल्या महिन्यात मोडतात, आणि मोडावाच. वहीचा सध्या पाचवा खंड चालू आहे.

यंदा अर्ज करायचा नाही, असे आम्ही एकमताने ठरवले आहे. त्याऐवजी १ मेपासून महिनाभर, रोज सायंकाळी सहा ते आठ, प्रसारण चालू ठेवायचे. शहरातच राहणाऱ्या पाच मुलांनी नावे दिली आहेत. निफाड आणि दिंडोरीकडची तिघे गावाहून मुद्रणे पाठवणार आहेत, त्यांतला एक खरडछाटणीनंतरच्या द्राक्षबागेतले काम आठवड्याला एकदा सांगणार आहे. सामानखोलीची किल्ली कोणाकडे राहील आणि वीज गेली तर इन्व्हर्टर किती वेळ टिकतो, हे वहीत लिहून झाले आहे. ३१ मेला वहीत एकतीस सह्या असतील, तर जूनमध्ये आम्ही अर्जाचे कागद जमवायला बसू.