आमची वाटचाल : यार्डाचा नियम यार्डवाल्याच्या हातात

सांगलीत सॉफ्टवेअर म्हटलं की लोकांना बिलिंग नाहीतर दूध डेअरीचं पॅकेज आठवतं. आम्ही विश्रामबागेत बसून स्क्रीनवर बैलगाड्या चालवतो म्हटल्यावर पाहुणे विषय बदलतात.

साखर कारखान्याचा केन यार्ड, म्हणजे उसाच्या गाड्या थांबतात ते आवार, आम्ही स्क्रीनवर जसाच्या तसा उभा करतो. त्यात प्रत्येक गाडी आपलं आपण ठरवते, नंबर लावते, वजनकाट्यावर जाते, ऊस टाकायच्या गव्हाणीकडं वळते. तिनं कधी काय करायचं हे मात्र कोडची एक ओळ न लिहिता यार्डवाल्यानं ठरवायचं. आधी स्टेट मशीन वापरलं, म्हणजे गाडीची प्रत्येक अवस्था एक चौकट आणि एकीतून दुसरीत जायला बाण. अवस्था वाढल्या तसा बाणांचा असा गुंता झाला की आमच्याच पोरांना सुटेना. मग बिहेवियर ट्रीवर आलो, म्हणजे झाडाच्या फांद्यांसारखी नियमांची मांडणी. २००४ च्या 'हेलो २' नंतर गेमवाल्यांत तो रुळला, आम्ही तो मराठी ठोकळ्यांत आणला. वरचा ठोकळा आधी तपासायचा, तो फसला की खालचा. चालू असलेली फांदी हिरवी होते, त्यामुळं गाडी का थांबली हे बघणाऱ्याला तिथंच दिसतं.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एका कारखान्याचे यार्ड सुपरवायझर. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी 'बैलगाडी आधी' हा ठोकळा बोटानं ओढून सगळ्यात वर नेला. "जनावर उन्हात किती वेळ उभं करायचं?" सिम्युलेशन पळवलं, तर ट्रॅक्टरची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर. आप्पा हसले नाहीत. त्या ठोकळ्याच्या वर त्यांनी स्वतःच 'दुपार असेल तर' ही अट बसवली, पुन्हा पळवलं, आणि रांग आत आली. आम्ही नुसते बघत होतो.

आता त्या कंपनीबद्दल. नाव घेत नाही, पुण्याची आहे. कोल्हापूरच्या एका प्रदर्शनात त्यांनी आमच्याकडून 'अभ्यासासाठी' लॉगिन घेतलं. पुढच्या हंगामाआधी त्याच कारखान्यात त्यांचा थ्रीडी यार्ड हजर! चकचकीत ट्रॉल्या, धुराडं, वर उडणारे बगळेसुद्धा. संचालक मंडळ खूश, आमची ऑर्डर गेली. आमची दोन पोरंही तिकडं गेली. पतसंस्थेचे हप्ते थकले, पगार अर्धे झाले. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हाही आमचे एवढे हाल झाले नव्हते.

पण त्या बगळ्यांच्या यार्डात नियम कोडमध्ये गाडलेले. अवकाळी पाऊस झाला, रानं ओली, ट्रॅक्टर फडात जाईनात, गव्हाण 'नो केन', म्हणजे ऊसच नाही. नियम बदलायचा तर पुण्याला मेल टाका आणि वाट बघा. आप्पांनी मीटिंगमध्ये आमचं जुनं व्हर्जन उघडलं, संचालकांसमोर दोन ठोकळे हलवले आणि विचारलं, "ह्याला इंजिनियर कशाला लागतो?" आम्हाला परत बोलावणं आलं. बिल मात्र अजून पूर्ण निघालेलं नाही.

नवीन पोरांना सांगतो : डेमो आधी काट्यावरच्या माणसाला दाखवा, संचालकांना नंतर. एकाच रँडम सीडवर (सिम्युलेशनमधले योगायोग ज्या आकड्यावरून ठरतात तो) निकाल छान आला म्हणून नाचू नका, सीड बदलून पुन्हा पुन्हा पळवा. आणि प्रदर्शनात गोड बोलणाऱ्याला लॉगिन देऊ नका.

त्या कंपनीच्या नव्या ब्रोशरवर 'प्रोग्रॅमिंगशिवाय नियम बदला' अशी ओळ आली आहे. खाली ठोकळ्यांचं चित्र, हिरव्या फांदीसकट.