टॉप व्ह्यू खाली

बारावीचा निकाल लागला तेव्हा बार्शीत आमच्या क्लासवाल्यांनी चौकात फ्लेक्स लावला होता, वरच्या ओळीत डावीकडून तिसरा फोटो माझा. मग सीईटी झाली, कॅप राऊंडमधे पुण्याचं इंजिनेरिंग कॉलेज लागलं आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की वर्गातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या चौकातल्या फ्लेक्सवरून उतरून आलाय.

एफईला, म्हणजे इंजिनेरिंगच्या पहिल्या वर्षाला, लोकांना एम-वन म्हणजे गणिताचा पेपर रडवतो. मला रडवलं ग्राफिक्सनी, म्हणजे इंजिनेरिंगच्या ड्रॉईंगनी. गणित निदान ओळखीचं तरी होतं, इंटिग्रेशन बारावीत करून आलेलो. पण ग्राफिक्सच्या पहिल्या लेक्चरला सर म्हणाले, समजा एक हेक्झागोनल प्रिझम, म्हणजे षटकोनी ठोकळा, एचपीवर म्हणजे आडव्या प्रतलावर बेसच्या एका कॉर्नरवर उभा आहे, अॅक्सिस ४५ डिग्री कललेला. मी पहिल्यांदा विचार केला की हा पडत कसा नाही. शेजारच्यानी तोवर अर्धी शीट काढली होती.

त्यात आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन. म्हणजे वस्तू वरून बघायची आणि जे दिसेल ते फ्रंट व्ह्यूच्या, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चित्राच्या, खाली काढायचं. डावीकडून बघितलेलं उजवीकडे. अमेरिकेत थर्ड अँगल चालतं, तिकडे वरचं वर काढतात, तेव्हा मनात आलं की अॅडमिशन तिकडेच घ्यायला हवी होती. हे सगळं ज्याच्या डोक्यातून निघालं तो गास्पार मोंज नावाचा फ्रेंच गणितज्ञ, अठराव्या शतकातला. किल्ल्यांची बांधणी आखायला त्याने ही पद्धत काढली आणि फ्रेंच सैन्याने ती बरीच वर्षं लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवली होती म्हणे. आमच्या बॅचपुरतं बोलायचं तर ते गुपित अजूनही नीट फुटलेलं नाही.

ड्राफ्टर, म्हणजे रेघा आखायचं दोन पट्ट्यांचं अवजार, मी सेकंडहँड घेतला, एका सीनियरकडून, अडीचशे रुपयात. नवा घ्यायचा तर अप्पा बळवंत चौकात गेलं की झालं, पण डिपॉझिट, कॉट, मेस असं करत घरून आणलेले पैसे संपत आलेले. ड्राफ्टरच्या पट्टीवर करकटकाने कोरलेली तीन नावं होती. मला वाटलं तीन जण पास होऊन गेलेत म्हणजे वस्तू लकी आहे. हा ड्राफ्टर पाठीवर आणि शीटचा गोल कंटेनर खांद्याला अडकवून बसमधे चढलो की कंडक्टर म्हणायचा, "बंदूकवाले, पुढं सरका." आतमधे बिचारी ए-टू साईझची शीट, ४२० बाय ५९४, घामाने एका कोपऱ्यात मऊ पडलेली.

माझ्या शीटवर सर फार बोलायचे नाहीत. पेन्सिल आडवी धरून एका डोळ्याने बघायचे आणि लाल पेनने तिरकी रेघ मारायचे. "काटकोनात नाही. परत." मी परत काढायचो. परत रेघ. शेजारच्याला विचारलं तर तो म्हणाला तू टू-एच पेन्सिलीला नीट टोक करत नाहीस, म्हणून मी टोक करत बसलो, इतकं की रूममधे बोटभर पेन्सिलींचा ढीग झाला.

शेवटी सगळे करतात तेच केलं, जीटी. म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन बादल्या पालथ्या घालायच्या, वर खिडकीची काच, खाली बल्ब, काचेवर हुशार पोराची शीट आणि त्यावर आपली कोरी. सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या रूमबाहेर लाईन लागलेली, मधेच कुणीतरी पोहे आणले, कुणीतरी त्याच शीटवर सांडले. हुशार पोराने एका ठिकाणी ६० च्या जागी ६५ लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी २३ शीटवर ६५. सरांनी गठ्ठा बघितला आणि पहिल्यांदाच हसले. आम्ही मात्र नाही हसलो कारण परत काढाव्या लागल्या, आणि तिकडे मेसवाल्याने दोन दिवसांचा खाडा धरला नाही तो वेगळाच.

दिवाळीला घरी आलो तर शेवटच्या दोन शीट राहिलेल्या म्हणून ड्राफ्टरपण आणलेला. आईने तो बघितला आणि म्हणाली, "आरं मग ह्या वर्षी कंदील तूच कर की, एवढं इंजिनेरिंग शिकतोयस." नुकतंच डेव्हलपमेंट ऑफ सरफेस, म्हणजे ठोकळ्याच्या बाजू सपाट कागदावर उलगडून काढणं, झालं होतं, म्हटलं ही तर घरची परीक्षा. षटकोनी कंदील, बाजू १० सेंटीमीटर, म्हणजे ६० सेंटीमीटरची सरळ पट्टी, त्यात पाच घड्या, चिकटवायला एक कड. कार्डशीटवर ड्राफ्टरने सगळं आखलं, खिडक्या कापल्या, लाल जिलेटीन लावलं, घड्या घातल्या आणि दोन टोकं जुळवायला गेलो तर जुळेचनात. एक टोक दुसऱ्यापेक्षा दोन सेंटीमीटर वर.

धाकटी बहीण सातवीत. ती उठली, कंपासमधला गुण्या आणला आणि ड्राफ्टरच्या दोन पट्ट्यांच्या मधे धरला. फट. "दादा, हे काटकोनात नाहीये."

मधला स्क्रू ढिला होता. पुरे ९० नाही, ८८ असतील. किती महिने मी पेन्सिलींना टोक करत बसलो होतो. (प्रिझम कॉर्नरवर उभं राहून पडत का नाही, हे मात्र स्क्रू आवळल्यावरपण कळलं नाही.)

नवीन कंदील करायला वेळ नव्हता, पप्पा दुकानातनं आले, बघितलं, काही बोलले नाहीत. पुडे बांधायचा दोरा काढला, टोकं ओढून बांधली. आईने खालून झालर लावली, तिथला वर-खालीपणा झाकला गेला. वरची पायरी तेवढी राहिली, ती बाजू भिंतीकडे करून कंदील टांगला.

रस्त्यापलीकडे जाऊन बघितलं. फ्रंट व्ह्यू एकदम करेक्ट.